दातखीळ, हनुग्रह आणि जबड्याचा सांधा : एका व्याधिनामाचा इतिहास

१

‘तोंड उघडत नाही’ ही तक्रार मराठीत अवघ्या तीन शब्दांत सांगता येते. परंतु ती ऐकणाऱ्या वैद्यासमोर निदान चार भिन्न व्याधी उभ्या असतात. जबड्याच्या सांध्यातील चकती जागेवरून सरकलेली असेल किंवा चर्वणाचे स्नायू आखडलेले असतील. बालपणी हनुवटीवर झालेल्या आघातामुळे सांध्याची हाडे एकमेकांस जुळून गेलेली असतील. सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने गालाचे आतील अस्तर तंतुमय व ताठर झालेले असेल. अथवा दूषित जखमेतून धनुर्वाताचे विष अंगात भिनू लागलेले असेल. पहिल्या व्याधीत बहुधा विश्रांती, शेक व व्यायाम पुरतात आणि घाईने केलेली शस्त्रक्रिया अपाय करते. दुसरीत शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. तिसरीत व्यसन सुटल्याखेरीज कोणताही उपाय टिकत नाही. चौथीत काही तासांचा विलंबही प्राणांवर बेततो. एकाच तक्रारीचे हे चार अर्थ जेथे वेगळे राखले जात नाहीत, तेथे नुकसान रोग्याचे होते. जबड्याच्या सांध्याच्या विकारांचा इतिहास पाहता असे दिसते की, व्याधीला जे नाव मिळाले त्या नावाच्या दिशेने उपचार गेले. नाव चुकले तेव्हा उपचारही चुकले. या नामकरणाचा इतिहास मराठी शब्दांच्या अंगाने तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

या विवेचनासाठी प्रवरेचे खोरे समोर ठेवण्यास कारण आहे. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. शास्त्रातील विचार लोकभाषेत आणण्याच्या मराठी परंपरेचा तो एक मोठा टप्पा. त्याच नदीच्या खोऱ्यात लोणी येथे १९९० मध्ये ग्रामीण दंत महाविद्यालय निघाले आणि जबड्याच्या रोग्याला आपली व्यथा मराठीतून आधुनिक दंतवैद्यापुढे मांडण्याची सोय झाली. शास्त्र एका भाषेत आणि व्यथा दुसऱ्या भाषेत, ही स्थिती मात्र दोन्ही काळांत सारखीच राहिली.

विषयप्रवेशापूर्वी या सांध्याची रचना थोडक्यात सांगणे इष्ट होय. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडले व मिटले असता बोटाखाली जे हलते, ते खालच्या जबड्याच्या हाडाचे टोक. ते कवटीच्या शंखास्थीतील खोबणीत बसते. दोहोंमध्ये तंतुमय ऊतीची एक चकती असते. तोंड थोडे उघडताना हे टोक जागच्या जागी फिरते. अधिक उघडताना चकतीसह पुढे सरकते. फिरणे व सरकणे या दोन्ही गती एकाच सांध्यात असणे, हे याचे एक वैशिष्ट्य. दुसरे असे की, खालचा जबडा हे एकच हाड असून त्याला दोन सांधे आहेत. त्यामुळे एका बाजूचा सांधा दुसऱ्याला सोडून स्वतंत्रपणे चालू शकत नाही. तिसरे वैशिष्ट्य सान्निध्याचे. कान, दाढा, कानशिलाचा स्नायू व गालाचा चर्वणस्नायू हे सारे इतके निकट आहेत की, दुखणे नेमके कोठले हे रोग्यालाही सांगता येत नाही. व्याधीच्या नावांत जो गोंधळ पुढे दिसून येईल, त्याचे मूळ पुष्कळ अंशी या शरीररचनेतच आहे.

२

प्रथम शब्दांकडे वळू. संस्कृतात जबड्याचा मुख्य वाचक शब्द ‘हनु’. मराठीत हा शब्द जबडा या अर्थी राहिला नाही. तो ‘हनुवटी’ या शब्दात उरला आणि तेथे त्याचा अर्थ संकोच पावून केवळ खालच्या जबड्याचे पुढील टोक एवढाच झाला. गावोगावी वेशीवर हनुमानाचे देऊळ असते. इंद्राच्या वज्राने ज्याची हनु भंगली तो हनुमान, ही कथाही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ते नाव उच्चारताना कोणाही मराठी भाषिकाला जबड्याची आठवण होत नाही. शब्द जिवंत, अर्थ लुप्त, अशी ही अवस्था होय.

हनूची जागा मराठीत ‘जबडा’ या शब्दाने घेतली. ‘जबडा’, ‘जाभाड’ ही रूपे संस्कृतातील ‘जंभ’ या शब्दाच्या कुळाशी जोडली जातात. वैदिक भाषेत जंभ म्हणजे दात, सुळे किंवा चावणारा जबडा. ‘जांभई’ हा शब्द मात्र ‘जृंभा’, ‘जृंभिका’ यांपासून आलेला आहे. ‘दाढ’ ही ‘दंष्ट्रा’पासून आली. म्हणजे चावण्याचे अवयव व त्यांच्या क्रिया यांना मराठीत नावे आहेत; परंतु ज्या सांध्यामुळे चावणे शक्य होते त्याला स्वतंत्र नाव नाही. गुडघा, कोपर, घोटा, मनगट, खुबा हे शब्द लोकभाषेने घडविले. कानापुढील या सांध्याला तिने शब्द दिला नाही. ज्याला नाव नाही तेथे बोट ठेवून दुखणे सांगणेही अवघड जाते. रोगी ‘कान दुखतो’ म्हणतो, ‘दाढ दुखते’ म्हणतो, ‘कानशील ठणकते’ म्हणतो. ‘सांधा दुखतो’ असे सहसा म्हणत नाही.

अवयवाला नाव नसले तरी त्याच्या बिघाडाला मात्र मराठीने नावे दिली आहेत, आणि ती सारी दिसणाऱ्या लक्षणांची आहेत. तोंड मिटून दात घट्ट बसले की ‘दातखीळ बसली’. खीळ म्हणजे ‘कील’, दारात ठोकलेली मेख. तोंड उघडे राहिले की ‘आ वासला’. सांधा सुटला की ‘जबडा निखळला’. झोपेत दातावर दात घासले की ‘दात खातो’. यांपैकी बहुतेक प्रयोगांना मनोविकारांचाही अर्थ चिकटला आहे. भीतीने दातखीळ बसते, आश्चर्याने माणूस आ वासून पाहतो, रागाने दातओठ खातो. या वाक्प्रचारांत एक निरीक्षण दडलेले आहे : मनाचा ताण आणि चर्वणाचे स्नायू यांचा काही संबंध आहे, हे लोकांनी पाहिले होते. परंतु त्या संबंधाचे शास्त्र लोकभाषेने रचले नाही, आणि रचले तेथे कारण भलतेच जोडले. मूल झोपेत दात खाते म्हणजे त्याच्या पोटात जंत झाले, ही समजूत महाराष्ट्रात सार्वत्रिक आहे; तिच्यापायी मुलाला जंताचे औषध मिळते आणि दात मात्र झिजत राहतात.

३

शास्त्रग्रंथांची स्थिती याहून वेगळी होती. सुश्रुतसंहितेत हनुसंधी सुटण्याचा विचार दोन ठिकाणी येतो. निदानस्थानात ‘हनुमोक्ष’ हा विकार दातांच्या रोगांबरोबर सांगितला आहे व त्याची लक्षणे अर्दितासारखी, म्हणजे तोंड वाकडे होण्याच्या विकारासारखी, असल्याचे म्हटले आहे. चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांच्या प्रकरणी तोच सांधा पुन्हा येतो. तेथे उपचार सरळ आहे : शेक द्यावा, हाडे जागेवर बसवावीत आणि ‘पंचांगी’ नावाची पट्टी बांधावी. एकच सांधा, परंतु एका ठिकाणी वाताचा रोग आणि दुसऱ्या ठिकाणी सुटलेले हाड. ही द्विधा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चरकसंहितेत वातव्याधीच्या अध्यायात ‘हनुग्रह’ येतो. त्यात तोंड उघडेच राहणे आणि तोंड मिटलेलेच राहणे अशा दोन्ही अवस्था एका नावाखाली घेतल्या आहेत. मात्र चिकित्सा सांगताना ग्रंथकार त्या अवस्था पुन्हा वेगळ्या करतो. तोंड उघडे राहिले असेल तर जबडा शेकून अंगठ्यांनी दाबावा व तर्जनींनी हनुवटी वर उचलावी; सांधा ढळला असेल तर तो स्वस्थानी न्यावा; ताठ झाला असेल तर शेकून नमवावा. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हाच विकार ‘हनुस्रंस’ या नावाने येतो. जीभ फार खरवडणे, कोरडे व शुष्क पदार्थ खाणे आणि आघात होणे ही त्याची कारणे दिली असून, परिणाम म्हणून चावणे व बोलणे या दोन क्रिया कष्टाने होतात असे सांगितले आहे. आजच्या प्रश्नावल्यांतही जबड्याच्या कार्यक्षमतेविषयी विचारताना चावणे व बोलणे या क्रियांना प्रमुख स्थान असते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

सुटलेला सांधा बसविण्याची ही रीत भारताबाहेरही आढळते. इ. स. पूर्व सुमारे १६०० या काळातील एका ईजिप्शियन पपायरसात, जो आज एडविन स्मिथ या संग्राहकाच्या नावाने ओळखला जातो, पंचविसावे प्रकरण निखळलेल्या जबड्याचे आहे. अंगठे तोंडाच्या आत, बोटे हनुवटीखाली, आणि जबडा मागे ढकलणे, ही कृती त्यात दिली आहे. हिप्पोक्रेटीसच्या नावावर असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रंथातही या विकाराची चिकित्सा आली आहे. यावरून कोणी कोणाकडून घेतले हा वाद उभा करण्याचे कारण नाही. सांध्याची रचनाच अशी आहे की, त्याला बसविण्याचा मार्ग काळजीपूर्वक पाहणाऱ्या कोणालाही बहुधा हाच सापडावा. आजही रुग्णालयात निखळलेला जबडा बसविताना डॉक्टर अंगठ्यांवर कापड गुंडाळून दाढांवर खाली दाब देतात व मग जबडा मागे नेतात. नावे बदलली, कारणमीमांसा बदलली. ही एक कृती मात्र साडेतीन हजार वर्षे टिकली. जेथे व्याधी डोळ्यांना दिसत होती तेथे उपचार अचूक राहिला. जेथे ती सांध्याच्या आत दडली होती, तेथेच नावांवर विसंबावे लागले.

या शास्त्राचा मराठी मुलखाशी संबंध दूरचा नव्हता. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच राज्यात व त्याच शतकात नेवाशास गीतेचा अर्थ मराठीत उतरत होता. तत्त्वज्ञानाने लोकभाषेत प्रवेश केला. वैद्यकाची टीका मात्र संस्कृतातच राहिली. हनुग्रह, हनुमोक्ष व हनुस्रंस हे भेद वैद्याच्या पोथीत राहिले आणि घराघरांत दातखीळ एवढा एकच शब्द उरला. या फरकाचे परिणाम पुढील शतकांत दिसून येतात.

४

‘दातखीळ’ हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७) नोंदलेला आहे. या शब्दाचा विस्तार किती आहे ते पाहावे. फेपरे येते तेव्हा दातखीळ बसते, कडाक्याच्या थंडीत बसते, भयाने बसते, आणि धनुर्वातातही बसते. पहिल्या तिन्हींत ती बहुधा काही वेळाने आपोआप सुटते. चौथ्या प्रसंगी ती सुटत नाही. ती मोठ्या संकटाची पहिली खूण असते. परंतु शब्द एकच असल्याने उपायही एकच होत असे : दातांत चमचा घालणे, कांदा हुंगविणे, किंवा बाहेरची बाधा समजून देवऋषी बोलावणे. फेपऱ्याच्या रोग्याला यांचा उपयोग होत नाही, उलट चमच्याने इजा होते. धनुर्वाताच्या रोग्याचा मात्र यात मोलाचा वेळ जातो.

प्राचीन शास्त्राने हा भेद अंशतः ओळखला होता. सुश्रुताने ‘धनुःस्तंभ’ वेगळा सांगितला. शिवाय गर्भपातानंतर, अतिरक्तस्रावानंतर व आघातानंतर उद्भवणारा ‘अपतानक’ असाध्य म्हटला. जखम व प्रसूतिमार्ग यांच्याशी या आचक्यांचा असलेला संबंध त्यात स्पष्ट आहे. कारण मात्र वात हेच राहिले. ते कारण १८८४ नंतर उलगडले. त्या वर्षी हा रोग प्राण्यांत संक्रमित करता येतो हे इटलीत कार्ले व रात्तोने यांनी दाखविले. १८८९ मध्ये कितासातोने त्याचा जंतू वेगळा काढला. १८९० मध्ये बेरिंग व कितासातो यांनी प्रतिविषाचे तत्त्व प्रसिद्ध केले. पुढे लस आली. माता व नवजात अर्भके यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य करण्यात आले. विळ्याने कापलेल्या नाळेतून अर्भकाला दातखीळ बसण्याचे दुःख ज्या पिढ्यांनी पाहिले, त्यांच्या दृष्टीने हे केवढे स्थित्यंतर होते याची कल्पना आज येणे कठीण आहे. लक्षणाचे नाव सोडून कारणाचे नाव हाती आल्याबरोबर उपचाराची दिशा पालटते, याचे हे सर्वांत ठळक उदाहरण होय.

५

तोंड न उघडण्याची आणखी दोन कारणे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात विशेष महत्त्वाची आहेत, आणि या दोहोंनाही लोकभाषेत स्वतंत्र नाव नाही.

पहिले कारण सुपारीचे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ या संशोधकाने पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांच्या मुखातील एका विकाराचे वर्णन केले; १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याच विकाराला टाळू व घशाच्या कमानींच्या अस्तराखालील तंतुमयता या अर्थाचे नाव दिले. आज तो ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणून ओळखला जातो. यात सांधा निरोगी असतो. आखडते ते गालाचे अस्तर. तिखट पदार्थाने आग होते, गाल आत दोरीसारखा लागतो आणि तोंड महिन्यामहिन्याने कमी उघडू लागते. हा विकार कर्करोगपूर्व समजला जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी या व अन्य मुखविकारांची ग्रामीण पाहणी हाती घेतली. नगरच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची त्यांच्या पथकाने केलेली तपासणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. मागाहून गुटखा आला आणि जो विकार पूर्वी उतारवयात दिसे तो तरुणांत दिसू लागला. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. अशा रोग्याला ‘जबडा आखडला आहे, शेक घ्या’ असे सांगणे म्हणजे कर्करोगाच्या पहिल्या सूचनेकडे पाठ फिरविणे होय.

दुसरे कारण बालवयातील आघाताचे. मूल झोक्यावरून, ओट्यावरून किंवा बैलगाडीवरून हनुवटीवर पडते. हनुवटीची जखम भरून येते व घरचे निश्चिंत होतात. परंतु आघात जबड्याच्या हाडातून वर जाऊन सांध्याच्या टोकाशी पोहोचलेला असतो. तेथे हाड मोडते, रक्त साठते आणि हळूहळू जबड्याचे हाड कवटीच्या हाडाशी जुळते. कानाच्या जुन्या पुवाने सांध्यात शिरूनही असेच होऊ शकते. वर्षा-दोन वर्षांत मुलाचे तोंड बोटभरही उघडेनासे होते. जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते, जेवण दातांच्या फटीतून भरवावे लागते आणि झोपेत श्वास कोंडतो. येथे व्यायाम व शेक यांनी काही साधत नाही. जुळलेले हाड कापून सांधा मोकळा करावा लागतो व त्यानंतर पुष्कळ महिने तोंड उघडण्याचा व्यायाम चिकाटीने करवून घ्यावा लागतो. तो व्यायाम सोडला तर हाड पुन्हा जुळते. हनुवटीवर पडलेल्या मुलाचे तोंड पूर्वीइतके उघडते की नाही हे काही आठवडे पाहत राहणे, एवढे साधे ज्ञान घरोघरी पोहोचले असते तर कित्येक मुलांचे चेहरे वाचले असते.

६

धनुर्वात, सुपारीचा विकार व जुळलेला सांधा हे तिन्ही वगळले म्हणजे उरतो तो सांध्याचा व चर्वणस्नायूंचा प्रत्यक्ष विकार : कानापुढे दुखणे, तोंड उघडताना कट्‌कन आवाज होणे, जबडा अडकणे. या विकाराचे आधुनिक नामकरण पश्चिमेत झाले, आणि तेथेही नावाने उपचाराला चुकीच्या वाटेने नेले, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण चुकीची नावे केवळ लोकभाषेतच असतात हा समज खरा नाही.

१९३४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रोग्यांच्या आधारे एक लक्षणसमूह मांडला. दाढा गेल्यामुळे जबडा अधिक मिटतो, त्याचे टोक मागे सरून मज्जातंतू व कानाची रचना यांवर दाब देते आणि त्यातून कानदुखी, डोकेदुखी व भोवळ उद्भवते, असा त्यांचा सिद्धांत. त्याला ‘कॉस्टेनचा लक्षणसमूह’ हे नाव मिळाले आणि दात उंचावून चाव वाढविण्याचे उपचार सुरू झाले. १९४८ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिशर यांनी दाखवून दिले की, तसा दाब पडणे रचनेच्या दृष्टीने संभवत नाही. सिद्धांत पडला, दात घासून किंवा उंचावून सांधा बरा करण्याची प्रवृत्ती मात्र त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिली. १९५० नंतर न्यू यॉर्क येथे लास्लो श्वार्ट्झ यांनी लक्ष सांध्यावरून स्नायूंकडे वळविले. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी मानसिक ताण, दात आवळण्याची सवय व स्नायूंचा थकवा यांची साखळी मांडली. ‘दातओठ खाणे’ या मराठी वाक्प्रचारात जे निरीक्षण होते, ते येथे शास्त्राच्या भाषेत अवतरले असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ताण हे एकमेव कारण नव्हे, हेही पुढील संशोधनाने स्पष्ट केले.

१९७० नंतर चकती दाखविणारी छायाचित्रण-तंत्रे पुढे आली आणि लक्ष पुन्हा सांध्यात शिरले. चकती सरकलेली दिसली म्हणून ती बसविणे, काढणे किंवा बदलणे ओघानेच आले. काढलेल्या चकतीच्या जागी टेफ्लॉनयुक्त कृत्रिम तुकडे बसविण्यात आले. दाबाखाली त्यांचे कण सुटले, त्यांना शरीराने तीव्र प्रतिकार केला आणि काही रोग्यांच्या कवटीचे हाडही झिजले. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने १९९० च्या अखेरीस त्यांविषयी धोक्याची सूचना दिली व पुढे ते मागे घेण्यात आले. यथावकाश असेही दिसून आले की, सरकलेली चकती असूनही कोणतीही व्यथा नसलेली माणसे पुष्कळ असतात. दिसणारा दोष हेच दुःखाचे कारण, हा तर्क येथे फसला.

या अनुभवातून नावही बदलले. अमेरिकेतील दंतवैद्यकीय संघटनेने १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘टेम्पोरोमँडिब्युलर डिसऑर्डर्स’ हे अनेकवचनी नाव स्वीकारले. व्याधी एक नसून विकारांचा समूह आहे, हे त्या अनेकवचनाने मान्य केले. १९९२ मध्ये संशोधनासाठी निदानाचे निकष ठरले व २०१४ मध्ये ते रुग्णसेवेसाठी सुधारून प्रसिद्ध झाले. या निकषांना दोन बाजू आहेत : एक शरीराची, म्हणजे स्नायू, चकती व हाड यांची, दुसरी माणसाची, म्हणजे वेदना किती, तिने कामात किती अडथळा येतो, मन किती खचले आहे यांची. तथापि लोकव्यवहारात सांध्याचे ‘टीएमजे’ हे संक्षिप्त नावच रोगाचे म्हणून रूढ झाले. ‘मला टीएमजे झाला आहे’ असे म्हणणे हे ‘मला गुडघा झाला आहे’ असे म्हणण्यासारखे आहे. अवयवाचे नाव व्याधीला दिले की, दोष त्या अवयवातच आहे आणि तो दुरुस्त केला पाहिजे, अशी समजूत आपोआप बळावते.

७

उपचारांची आजची दिशा या इतिहासातूनच ठरलेली आहे. बहुसंख्य रोग्यांचा त्रास काही आठवड्यांत वा महिन्यांत साध्या उपायांनी कमी होतो. मऊ अन्न, जांभईच्या वेळी हनुवटीला हाताचा आधार, ओलसर उष्ण शेक, जबड्याचे हलके व्यायाम, दिवसा दातावर दात न ठेवण्याची सवय, आवश्यक तेवढे थोड्या दिवसांचे वेदनाशामक औषध, आणि हा विकार बहुधा घातक नसतो हा भरवसा, असे त्यांचे स्वरूप आहे. रात्री दात आवळण्याची सवय असल्यास काढता येईल असा दंतपट्ट उपयोगी पडू शकतो. २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने दीर्घकालीन वेदनेसाठी व्यायाम, स्नायूंवरील हस्तोपचार व विचार आणि वर्तन बदलण्याचे मानसोपचार यांना अग्रस्थान दिले. चकती काढून टाकणे व चाव कायमचा बदलणारे उपाय यांविरुद्ध स्पष्ट मत दिले. जबडा अडकून राहिला असेल तर १९९१ पासून रूढ झालेली, सुईने सांधा धुण्याची पद्धत उपलब्ध आहे. मोठी शस्त्रक्रिया जुळलेल्या सांध्यासाठी व मोजक्या अन्य प्रसंगांसाठी राखून ठेवावी, असे आजचे मत आहे.

या ज्ञानाचा लाभ प्रवरेच्या खोऱ्यातील रोग्यापर्यंत पोहोचविण्याची साधने गेल्या अर्धशतकात उभी राहिली. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणीच्या परिसरात सहकारी साखर कारखाना निघाला. त्याच परिसरात १९७२ मध्ये प्रवरा मेडिकल ट्रस्ट स्थापन झाला, १९९० मध्ये ग्रामीण दंत महाविद्यालय आले आणि २००३ मध्ये या वैद्यकीय संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संगमनेरजवळ घुलेवाडी येथेही दंत महाविद्यालय आहे. पूर्वी ज्या दुखण्यासाठी पुण्या-मुंबईस जावे लागे, त्याची तपासणी आता तालुक्याच्या अंतरावर होऊ शकते. इमारती व यंत्रे आली. उरलेला प्रश्न भाषेचा आहे.

तो प्रश्न असा. इंग्रजी प्रश्नावलीत जबडा ‘लॉक’ होतो काय असे विचारलेले असते. अनुवादकाने तेथे ‘दातखीळ बसते काय’ असे लिहिले, तर शब्दशः ते योग्य दिसेल. परंतु मराठी रोग्याला त्यातून फेपरे किंवा बाधा सुचेल आणि तो ठामपणे ‘नाही’ म्हणेल. ‘तोंड उघडताना जबडा मध्येच अडकतो काय’ असे विचारले तर तोच रोगी ‘होय’ म्हणेल. ‘दात खाता काय’ या प्रश्नात लहान मुलाची व जंताची सूचना आहे. ‘काम करताना दातावर दात आवळले जातात काय’ हा प्रश्न प्रौढास समजतो. ‘कान दुखतो काय’ असे विचारण्यापेक्षा ‘एका बोटाने दाखवा’ असे म्हणावे. बोट कानात जाते की कानापुढे थांबते यावरून पुष्कळ कळते. ‘तोंड किती उघडते’ या प्रश्नाला मिलिमीटरचे उत्तर डॉक्टरने काढावे. प्रौढ माणसाचे तोंड साधारणपणे ४० ते ५० मिलिमीटर उघडते. रोग्याने आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात की नाही हे घरीच पाहावे.

या विवेचनातून निष्पन्न होणारा सिद्धांत असा की, व्याधिनाम हे निव्वळ लेबल नसून ते एक गृहीत असते. ‘दातखीळ’ या नावाने लक्षण पकडले व कारण सोडले. ‘हनुग्रह’ या नावाने कारण म्हणून वात धरला, पण उपचारात डोळ्यांवर विश्वास ठेवला. ‘कॉस्टेन’ या नावाने एका माणसाचा तर्क अनेकांच्या दातांवर लादला. ‘टीएमजे’ या नावाने अवयवालाच रोग ठरविले. चरकाने तोंड उघडे राहणे व मिटून राहणे एका नावाखाली घेऊनही चिकित्सेत त्यांना वेगळे केले, हा विवेक आजही आदर्शवत आहे. मराठीत या सांध्याला नवे जडशीळ नाव देण्यापेक्षा ‘कानापुढचा सांधा’ हा साधा शब्दप्रयोग रूढ करणे आणि ‘अडकणे’, ‘निखळणे’, ‘आखडणे’, ‘जुळणे’ ही चार क्रियापदे चार भिन्न अवस्थांसाठी काटेकोरपणे वापरणे अधिक उपकारक होईल. ही क्रियापदे लोकांच्या तोंडी आधीच आहेत. त्यांचे अर्थ वेगळे राखणे एवढेच कार्य भाषेच्या अभ्यासकांनी व वैद्यांनी मिळून करावयाचे आहे.